अखाजीची भरती

प्रमिलाबाई भित्री होती हे तिच्या तोंडावर म्हणायला कुणी कचरत नसे, कारण ती स्वतःच ते सांगत फिरायची. विंचवाला भ्यायची, विजेला भ्यायची, सुरतेत गोडादऱ्याला राहायची तेव्हा रस्ता ओलांडताना रिक्षाला भ्यायची. पण ही झाली किरकोळ भीती. खरी भीती पाण्याची. मुडावदसारख्या ऐन तापीकाठच्या गावात जन्मून ही बाई कधी गुडघ्याच्या वर पाण्यात उतरली नव्हती. बरोबरीच्या पोरी रिकामी घागर उपडी करून पोटाशी धरायच्या, पाय मारत नदी ओलांडायच्या आणि पलीकडच्या वाळूतली डांगरं चोरून आणायच्या. खरबुजाला खानदेशात डांगर म्हणतात. प्रमिलाबाई काठावर बसून त्यांचे कपडे राखायची. डांगराचा वाटा मात्र बरोबरीनं घ्यायची.

अशा बाईला नशिबानं शेत दिलं ते नदीच्या पोटात.

नवरा उखा सव्वीस वर्षं सुरतेत लूमच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, राबला. लूमच्या खडखडाटानं माणसाचे कान आधी दुखतात, मग वाजतात आणि शेवटी गप्प होतात. उखाचे गप्प झाले. डोक्याशी भांडं पडलं तरी ऐकू येईना, तसा शेठनं त्याला घरी बसवलं. हा रिकामा बसणारा माणूस नव्हे. सुरतेच्या वरच्या अंगाला, वरियावच्या अलीकडे, उन्हाळ्यात तापी आटली की मधे वाळूचं बेट उघडं पडायचं. तिथली दीड विघा वाळू दिवाळीबेन नावाच्या कोळी बाईच्या घराण्याकडे पिढ्यानपिढ्या होती. तिचे पोरगे हजीऱ्याच्या कारखान्यांत कामाला गेले, वाळू पडून राहिली. निम्म्या मालाच्या बोलीवर तिनं ती उखाला दिली. काठावर नवराबायकोनं झोपडी घातली. वाळूत हातभर खड्डे, खड्ड्यात शेणखत, त्यात बी, आणि बाजूला झिरा खणून त्यातलं पाणी मडक्यानं वेलाच्या बुडाशी. शेत दोघांचंच आणि मजूरही दोघंच.

खरं तर दीडच. प्रमिलाबाई बेटावर जायची ती ओहोटीच्या वेळी, काठ आणि बेट यांच्यामधला ओहोळ घोट्याएवढा असतानाच, आणि परत यायची ती पाणी पिंढरीला लागायच्या आत. उरलेला वेळ काठावर उभी राहून ती नवऱ्याकडे आणि नदीकडे आळीपाळीनं बघायची.

कारण ही नदी तिला नदीसारखी वाटतच नव्हती. गावाकडची तापी वरून खाली जायची, जन्मभर एकाच दिशेनं. इथली तापी दिवसातून दोनदा परत फिरायची. समुद्र आत ढकलायचा आणि पाणी खालून वर चालू लागायचं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा प्रमिलाबाई दोन पावलं मागे सरली. तिनं घाबरून उखाचा हात धरला आणि त्यानं तो हसत सोडवला.

"आमना गावनी तापी शे ही," उखा मोठ्यानं म्हणाला. बहिऱ्या माणसाला आपण किती ओरडतो ते कळत नाही. "जन्म गया माना हिनामा. माले नको शिकाडू."

शिकवणार तरी कसं? त्याच्याशी बोलायचं म्हणजे हातानं. लूमच्या खात्यात कुणाचंच कुणाला ऐकू येत नाही, म्हणून तिथे कामगार खुणांनी बोलतात. मूठ वळून वर धरली की लूम बंद कर. दोन बोटं कात्रीसारखी हलवली की दोरा तुटला. प्रमिलाबाईनंही त्याच खात्यात बारा वर्षं दोऱ्याच्या बोबिनी भरल्या होत्या, तेव्हा नवराबायकोची ही भाषा पक्की. फक्त एक अडचण होती. खूण दिसायला समोरच्यानं बघावं लागतं, आणि उखा एकदा वेलांत वाकला की तास तास मान वर करायचा नाही.

ही अडचण प्रमिलाबाईच्या काळजात काट्यासारखी रुतून बसली होती. पाणी आलं आणि त्यानं पाहिलंच नाही तर? ती दगड फेकून बघायची, दगड अर्ध्यात पडायचा. लाल लुगड्याचा पदर फडकवायची, तो डांगरांवरची माती पुसत बसलेला असायचा. मग ती दुसरं काहीच करू शकत नव्हती म्हणून पाण्यावर नजर ठेवायची. ओहोळात काटकी टाकून बघायची, कुठे जाते. नारळाची करवंटी टाकायची. भरतीच्या वेळी टाकलेलं सगळं वरच्या अंगाला जायचं आणि जिथे नदी वळते तिथे, दिवाळीबेनच्या म्हशी पाण्यात बसायच्या त्या बाभळीखाली, काठाला लागायचं. दहा वेळा टाकलं, दहा वेळा तिथेच लागलं. उखा हे बघून म्हणायचा, बाई येडी झाली.

दिवाळीबेननं सुरुवातीलाच बजावलं होतं, "अमास-पूनमनी भरती मोटी. ए वखते बेट पर नहीं जवानुं."

हे प्रमिलाबाईच्या मनात पक्कं बसलं, कारण अमावास्येला भ्यायला तिला कुणी शिकवावं लागत नव्हतं. खानदेशात अमावास्या म्हणजे अमावास्याच. त्या दिवशी तिठ्यावर जायचं नाही, पोरीला केस मोकळे सोडून बाहेर काढायचं नाही, नवं काम धरायचं नाही. आणि दुसऱ्या दिवशी पाडवा, म्हणजे प्रतिपदा, उजाडला की सगळं टळलं. समुद्राची भीतीही तिनं त्याच खुंटीला टांगून ठेवली.

त्या साली चैत्राची अमावास्या आली तशी तिनं उखाची वाटच अडवली. "आज जावू नका. पाया पडस," असं तोंडानं आणि हातानं दोन्हीकडून सांगितलं. उखा कुरकुरला, पण राहिला. दुपार कलल्यावर पाणी आलं. बेटाच्या कडेच्या शेवटच्या ओळीला शिवलं आणि मागे गेलं. झोपडीच्या दारात बसून प्रमिलाबाईनं ते सगळं पाहिलं आणि पाणी उतरल्यावर देवाला दिवा लावला. आता पुनवेपर्यंत घोर नाही, असं तिला वाटलं. महिन्यात पहिल्यांदा ती पोटभर जेवली.

पुढचे दोन दिवस श्वास घ्यायला फुरसत नव्हती. तिसऱ्या दिवशी अखाजी, म्हणजे अक्षय तृतीया. अखाजीला खानदेशातल्या घरात मेलेल्या माणसांच्या नावानं घागर भरतात. कोरी घागर पाण्यानं भरायची, तिच्या तोंडावर डांगर ठेवायचं, पुरणपोळी आणि आमरसाचा घास दाखवायचा. पितरं वर्षभराची तहान त्या पाण्यानं भागवतात. डांगराशिवाय घागर होत नाही, आणि गोडादऱ्यात, लिंबायतीत, बमरोलीत खानदेशी घरं किती! म्हणून दोघं पहाटे उठून डांगरं तोडायची आणि दुपारी हातगाडीवर गोडादऱ्याला न्यायची, ती दिवस मावळता परतायची. दुपारी नदीनं काय केलं ते बघायला काठावर कुणी नव्हतंच.

फक्त द्वितीयेच्या सकाळी बेटावर गेल्यावर प्रमिलाबाई थबकली. वाळूवरची ओली रेघ अमावास्येच्या रेघेपेक्षा चांगली हातभर वर होती. खालच्या दोन ओळी झोपल्या होत्या. तिनं उखाला हात धरून रेघ दाखवली. त्यानं पाहिलं, आभाळाकडे बोट केलं आणि हात झटकला. अमास गेली, आता कसली भरती? प्रमिलाबाईलाही ते पटलं. पटलं, पण डांगरं तोडताना ती पुन्हा पुन्हा त्या रेघेकडे बघत राहिली. तिनं स्वतःलाच झापलं, की अमास सरली तरी तुझी भीती सरत नाही, कसली बाई तू!

अखाजीला लेक वर्षा बमरोलीहून माहेरी आली. सकाळी घागर भरली. उखाचे आईबाप, प्रमिलाबाईचा बाप आणि लहानपणी तापानं गेलेला एक मुलगा, एवढ्यांची नावं घेतली. घागरीवर ठेवायला उखानं हातानं निवडून पिवळंधमक डांगर आणलं होतं. जेवणं झाली. संध्याकाळी लूमवरचा जुना जोडीदार भिकन घरच्यांना घेऊन डांगरं खायला येणार होता, तेव्हा उखा दुपारी टोपली घेऊन उठला.

"बेटवरना चांगला माल तेन्हासाठे ठेयेल शे," तो ओरडून म्हणाला आणि चालू लागला. ओहोळात घोटाभर पाणी होतं. प्रमिलाबाईनं अडवलं नाही. अमावास्या होऊन तिसरा दिवस, सणाचा दिवस, लेक घरात. कोणत्या तोंडानं अडवणार?

मायलेकी भांडी घासत बसल्या. वर्षा सासरच्या गोष्टी सांगत होती. प्रमिलाबाई हूं हूं करत होती आणि सवयीनं एक डोळा नदीवर ठेवून होती. चारचा सुमार असेल. तिनं ताट विसळलं, पाणी उतारावर फेकलं, आणि तिचा हात तसाच राहिला. ओहोळातली काडी वर चालली होती. नुसती चालली नव्हती, पळत होती. पाण्याला फेस होता. ज्या दगडावर उखानं जाताना पाय दिला होता तो दगड दिसत नव्हता.

"वर्षाना बाप!" ती किंचाळली. कुणासाठी किंचाळली देव जाणे.

उखा बेटाच्या पार टोकाला, पाठमोरा, वेलांत वाकलेला. पाणी समोरून आलं असतं तर त्याला दिसलं असतं. पण ते आधी मागच्या ओहोळात भरत होतं, त्याच्या आणि काठाच्या मधे. मायलेकींनी ताटं बडवली, पदर फडकवले. वर्षा रडायला लागली.  प्रमिलाबाई मटकन खाली बसली. आता आपल्या डोळ्यांदेखत हा माणूस जाणार, आणि शेवटपर्यंत वाकून डांगरंच वेचत राहणार, असं तिच्या डोळ्यांपुढे स्पष्ट उभं राहिलं. पुढच्या अखाजीला घागर भरताना आणखी एक नाव घ्यावं लागणार.

त्या विचारासरशी ती उठली.

"दिवाळीबेनकडे पळ. दोर घी ये बाभूयखाले," तिनं वर्षाला सांगितलं आणि झोपडीत शिरली. घागर पाटावर होती. ती दुसऱ्या दिवशीपर्यंत हलवायची नसते, तिला पाय लागू द्यायचा नसतो. प्रमिलाबाईनं वरचं डांगर बाजूला ठेवलं, घागर उचलली आणि दारात नेऊन उपडी केली. पितरांचं पाणी भडाभडा वाळूत गेलं. "माफ करा," ती म्हणाली, "आते माले लागस ही." 

घागर उपडी पोटाशी धरून ती ओहोळात शिरली. पाणी पिंढरीला लागलं, गुडघ्याला लागलं. गुडघ्याच्या वर आलं तेव्हा तिनं डोळे मिटले, मग मिटलेल्या डोळ्यांची जास्त भीती वाटली म्हणून उघडले. कमरेला आलं आणि पायाखालची वाळू सरकली. घागरीनं तिला वर उचललं. मुडावदच्या पोरी कशा पाय मारायच्या ते चाळीस वर्षांपूर्वी काठावर बसून तिनं इतकं पाहिलं होतं की पाय आपोआप हलले. नाकात पाणी गेलं, खारट. पाण्यानं तिला तिरकं वर नेलं आणि बेटाच्या वरच्या टोकाला आपटलं. ती रांगत बाहेर आली आणि वेल तुडवत, डांगरं तुडवत धावली.

तिनं पाठीत धपाटा घातला तेव्हा उखा दचकून वळला. समोर बायको, नखशिखांत भिजलेली, काखेत पितरांची घागर. तो ओरडणार, तेवढ्यात त्याला तिच्यामागे ओहोळ दिसला. ओहोळ राहिलाच नव्हता. तिथे नदी होती. आणि बेटाच्या दुसऱ्या बाजूनंही पाणी ओळीमागून ओळ घेत येत होतं.

उखा पोहणारा माणूस. त्यानं टोपली टाकली, तिचा दंड धरला आणि तिला खालच्या अंगाला ओढू लागला. झोपडी तिकडे होती, आणि पूर आला की खालच्या अंगाला सूर मारून तिरकं काठाला लागायचं, हे त्याच्या हाडात भिनलेलं होतं. प्रमिलाबाईनं पाय रोवले. मूठ वळून वर धरली. बंद कर. त्यानं मान हलवून पुन्हा ओढलं. तिनं वरच्या अंगाला बोट केलं, बाभळीकडे. त्यानं कपाळावर हात मारला. भीतीनं बायकोचं डोकं फिरलं, असंच त्याला वाटलं असणार. पाणी दोघांच्या गुडघ्यांवर आलं होतं. बोलायला वेळ नव्हता आणि बोलून ऐकू येणार नव्हतं. तिनं आयुष्यात न केलेली गोष्ट केली. नवऱ्याच्या थोबाडीत मारली. मग पायाशी तरंगत आलेलं एक डांगर उचललं आणि त्याच्या डोळ्यांसमोर पाण्यात टाकलं.

डांगर भिंगरीसारखं गरगरलं आणि वर निघालं. सरळ बाभळीकडे.

उखा त्या डांगराकडे बघत राहिला. जन्मभराच्या ओळखीची नदी त्याच्या डोळ्यांसमोर उलटी चालली होती, आणि पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर प्रमिलाबाईला भीती दिसली. तिला वाटलं होतं, त्याला कधीतरी भ्यालेलं बघायला आपल्याला बरं वाटेल. मुळीच बरं वाटलं नाही. तिनं त्याचा हात ओढून घागरीवर ठेवला. दोघांनी घागर मधे धरली आणि पाण्यात अंग टाकलं.

पुढचं तिला नीट आठवत नसे. घागर दोनदा तिरकी झाली, आतली हवा बुडबुडून गेली, दोन्ही वेळा उखानं ती उचलून पुन्हा उपडी केली. तो सवयीनं झोपडीकडे वळायला बघायचा आणि ती त्याच्या मनगटाला नखं रुतवायची. मग एकदम बाभळीची फांदी, दोर, दिवाळीबेनचा करडा आवाज आणि वर्षाचं रडणं. चिखलात पडल्यावरही प्रमिलाबाईनं घागर सोडली नाही. तिची बोटं सोडवायला वर्षाला जोर लावावा लागला.

"गांडी थई छे?" दिवाळीबेन तिला वेड्यात काढत कडाडली. "बीज-त्रीजनुं पाणी सौथी मोटुं होय! में कीधेलुं ने?"

"तू अमास सांगी व्हती," प्रमिलाबाई भिजलेला पदर पिळत म्हणाली.

"अमास पछी त्रण दाडा! दरियानुं पाणी अमासे थोडुं अटके छे?"

कोळ्याच्या पोरालाही माहीत असलेली गोष्ट होती ती. भरती अमावास्येला फुगायला लागते आणि बीज-तिजेला, म्हणजे द्वितीया-तृतीयेला, सर्वांत मोठी होते. दिवाळीबेनला ते सांगायचं सुचलंच नव्हतं, आणि ज्यांच्या अमावास्या पाडव्याला संपतात त्या माणसांना ते विचारायचं सुचलं नव्हतं. सगळ्या खानदेशानं अखाजी नेमकी त्या तिजेवर ठेवलेली.

बेट तासभर दिसलं नाही. मग हळूहळू वर आलं. वरच्या सात ओळी शिल्लक होत्या, बाकीची वाळू धुऊन कोरी. संध्याकाळी भिकन घरच्यांना घेऊन आला तेव्हा त्याला घागरीवरचं ते एकच डांगर कापून द्यावं लागलं. घागर प्रमिलाबाईनं हातपंपावर धुतली, पुन्हा भरली, डांगराविनाच पुन्हा पाटावर ठेवली आणि सगळ्यांची नावं पुन्हा घेतली. नावं घेता घेता तिला रडू फुटलं, ते थांबेना. भिकनच्या बायकोला वाटलं मुलाची आठवण आली असेल.

वर्षाला सासरी पोचवायला प्रमिलाबाई अष्टमीला बमरोलीला गेली. अष्टमीचं पाणी मेलेलं असतं, दिवाळीबेननं या वेळी नीट फोड करून सांगितलं होतं. ओहोळ कोरडा, शेळी चालत जाईल असा. सात ओळींतली डांगरं पिकायला आलेली, एक दिवस चुकला तरी उलायची. जाताना तिनं उखाला खुणेनं दोनदा बजावलं, आज सगळी तोडा. त्यानं मान डोलावली.

ती दुसऱ्या दिवशी दुपारी परतली. लांबूनच तिला बेटावर चिमण्यांचा थवा दिसला. डांगरं वेलावर उलून पडली होती, त्यांच्यावर चिमण्या बसल्या होत्या. टोपल्या झोपडीच्या दारात जशाच्या तशा पालथ्या.  ती पिशवी टाकून धावली.

उखा बाभळीखाली बसला होता. पाय कोरडे. ती दिसली तसा तो उठला, धोतर झटकलं, झोपडीच्या दारातली टोपली उचलली.

तिनं संतापानं दोन्ही हात हलवले. काल का नाही गेलात? पाणी नव्हतं, डोळ्यांनी दिसत होतं पाणी नाही, मग?

उखा तिच्याकडे न बघता ओहोळाकडे चालू लागला. मधेच थांबून वळला आणि नेहमीसारखाच मोठ्यानं, पार दिवाळीबेनच्या गोठ्यापर्यंत ऐकू जाईल असं म्हणाला,

"तू काठवर नही व्हती."